टिळकवाडीतलं जुनं कौलारू घर: घ्यावं की नाद सोडावा?

खानापूरकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा खानापूर तालुक्यातला. कॉलेज आरपीडीला, नोकरी चौदा वर्षं पुण्यात. कॉलेजात असताना बेळगावच्या टिळकवाडीत मंगळवार पेठेत एका घराच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो. खोलीला खिडकी एकच, पण त्या खिडकीत फणस होता. मे महिन्यात फणस पिकला की वासानं अभ्यास होत नसे. घर घ्यायचं तर याच भागात, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

आता ऑफिसला महिन्यातून चारच दिवस जावं लागतं. बायको कोल्हापूरची. बेळगावला यायला ती तयार आहे, अट एकच: मुलगी दुसरीत आहे, तिला चालत शाळेत जाता आलं पाहिजे. शाळा मराठी माध्यमाची हवी, हे दोघांचंही ठरलंय.

तीन जागा बघितल्या. पहिली मंगळवार पेठेतच, जुनं बैठं घर, जागा साडेतीन गुंठे. समोर सोपा, मधे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं. परड्यात एक आंबा, दोन नारळ आणि आड. ऐंशीच्या पुढच्या एक आजी आणि त्यांचा धाकटा मुलगा तिथं राहतात, थोरला मुंबईला असतो. "आम्ही दोघं भाऊ, दोघांचीही तयारी आहे," असं धाकटे सांगतात. दुसरी जागा म्हणजे दुसऱ्या रेल्वे गेटजवळ, बंगला पाडून उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटमधला तीन बेडरूमचा फ्लॅट. तिसरा येळ्ळूर रोडच्या बाजूचा एनए (बिगरशेती) प्लॉट, सगळ्यांत स्वस्त.

किंमती इथं लिहीत नाही, दलाल वाचत असतात.

मन पहिल्या घरावर आहे. पण कागद कन्नडमध्ये, मला वाचता येतं ते बसवरच्या पाटीइतकं. जुन्या घरात राहणारं कुणी असेल तर खरं खरं सांगा.

दुसऱ्या गेटवाला

फ्लॅटचं तेवढं मी सांगतो, बाकीचं जाणत्यांनी सांगावं. मी त्याच भागात राहतो. गेट पडलं की दोन्ही बाजूंनी लोक गाड्या आडव्या घालूलालेत. मग गाडी गेली, गेट उघडलं, तरी कुणीच हलत नाही. समोरचा म्हणतोय तू माग घे, हा म्हणतोय तू घे. शाळेच्या वेळेला तर बघायलाच नको. तिसऱ्या गेटवर पूल झाला म्हणून आम्ही पण खूश होतो, पण आमचं गेट आहे तिथंच आहे की. पोरीला चालत पाठवायचं म्हणता ना? मग शाळा आणि घर रुळाच्या एकाच बाजूला बघा. बाकी फ्लॅट चांगला, हवा चांगली.

येळ्ळूर रोडचा प्लॉट जुलैत बघायला जावा. चप्पल घालून नको, गमबूट घालून. बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात पसरतोय, भात कुजून शेतकरी रडूलालेत. भाताची खाचरं भरून केलेला प्लॉट एनए झाला म्हणून उंच होत नाही.

झाडंच पायजेत तर कॅम्पातला, म्हणजे लष्करी छावणीतला, एखादा बंगला का नाही बघत? खानापूर रोडची सावली काय कमी आहे?

परड्यातला आंबा

अहो खानापूरकर, फणसाचं वाचून हसू आलं. आमच्याकडे आंबा आहे आणि त्याच्यावरून मी रोज कुणाला ना कुणाला शिव्या देते.

मी निपाणीची. १९८४ साली लग्न होऊन टिळकवाडीत आले. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं. तेव्हा आमच्या गल्लीत अकरा बैठी घरं होती, आता चार उरलीत. लोक टिळकवाडीला काँग्रेस रोडपासून ओळखतात. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकच अधिवेशन, डिसेंबर १९२४ चं, इथं झालं आणि त्याला पाणी पुरवायला खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे. पाहुणे आले की आम्ही तिथं नेतो, फोटो काढतो. पण जुन्या भागात राहणं म्हणजे फोटो नव्हे. मे महिन्यात कौलं परतायला माणूस शोधणं, हे राहणं.

ते आधी सांगते. कौलं दर वर्षी बघावी लागतात. माकडं एका उडीत दहा फोडतात. पूर्वी अनगोळहून बापलेक यायचे, बाप गेला, लेक आता रिक्षा चालवतो. गेल्या वर्षी माणूस मिळाला तो मृगाच्या तोंडावर, तोपर्यंत देवघरात पातेलं ठेवलेलं. घर बघायला जाल तेव्हा भिंतीचा रंग बघू नका. शिडी मागा, वर चढा आणि वासा भिंतीत शिरतो तिथं लोखंडी सळई टोचून बघा. वाळवी आधी टोकाला लागते, मधे वासा ठणठणीत वाटतो. पश्चिमेची भिंत झडीनं ओली होते, चिरा पाणी पितो. आतून सिमेंटचा गिलावा केलेला असला तर ओल आतल्या आत राहते आणि दिवाळीला पापुद्रे सुटतात. म्हणून हे घर मे महिन्यात बघून ठरवू नका. पावसाळ्यात, पुनर्वसूच्या पावसात जा, आणि न्हाणीला लागून असलेल्या खोलीत पाच मिनिटं दार लावून बसा. नाकच सांगेल.

आडाचं पाणी कपड्याला, झाडाला. प्यायला नको. जुन्या भागात गटाराची लाइन जुनी, कुठं झिरपते सांगता येत नाही. आम्ही एकदा तपासून घेतलं आणि गप्प बसलो. नळाला राकसकोप-हिडकलचं पाणी येतं, पण काही भागांत चोवीस तास आणि काहींत दिवसांआड, हे शेजारच्या बाईला विचारा, विकणाऱ्याला नको.

आता झाडं. झाडं लोकांना दुसऱ्याच्या परड्यात आवडतात. आमच्या आंब्याची पानं शेजारच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पडतात म्हणून दोनदा तक्रार आली. ते अपार्टमेंट ज्या बंगल्याच्या जागी आहे तिथं आमच्या आंब्याचा जुळा भाऊ होता, एकाच वर्षी लावलेला. एका रविवारी सकाळी साडेसहाला करवत सुरू झाली. परवानगी दाखवा म्हटलं तर म्हणाले, आणतो. कर्नाटकात १९७६ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, खाजगी जागेतलं झाड तोडायलाही वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. परवानगी येईपर्यंत बुंधा उरला होता. तुम्ही सावली बघून घर घेताय, तर ती सावली कुणाच्या झाडाची आहे ते आधी बघा. तुमच्या कुंपणाच्या आतली असेल तेवढीच धरा.

आणि खरं सांगायचं होतं ते हे. "आम्ही दोघं भाऊ" असं तुम्ही लिहिलंय. बहिणी किती?

आमची गोष्ट सांगते. २००६ साली चुलत दिरांचा अर्धा भाग आम्ही घेतला. दोघं भाऊ, दोघांच्या सह्या, पैसे चेकनं दिले, पेढे वाटले. त्यांची बहीण धारवाडला दिलेली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. "ताईचं काय, तिचं लग्नात सगळं दिलंय," हे तेव्हा सगळ्यांनाच पटलं, मलाही पटलं. आठव्या महिन्यात नोटीस आली. नऊ वर्षं कोर्ट. त्या नऊ वर्षांत त्या अर्ध्या भागाचं एक कौल बदलता आलं नाही, न्हाणी कोसळली ती कोसळलेलीच. शेवटी मीच एकटी गेले धारवाडला. ताईंनी पैसे घेतले नाहीत असं नाही, घेतले, वाट्याप्रमाणे घेतले. पण आधी अर्धा तास रडल्या. परड्यात दगडी हौद होता, त्यावर बसून त्यांनी सातवीचा अभ्यास केलेला. हौदाचं काय केलंत म्हणून विचारलं. मी सांगितलं, आहे. होताच. मग म्हणाल्या, कुठं सही करू.

एक शेवटचं. आजेसासऱ्यांनी जागा घेतली तो दस्त मोडी लिपीत आहे. घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. कोल्हापूरहून मोडी जाणणारे एक गुरुजी आणले, तेव्हा कळलं, पूर्वेला नऊ फूट वहिवाटीची वाट आहे. ती वाट आज शेजाऱ्यांच्या मोटारीखाली आहे. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळे जुने कागद मराठीत सापडतात, त्याहून जुने मोडीत. विकणारे तो कागद "जुना आहे, काही उपयोगाचा नाही" म्हणून देत नाहीत. तोच मागा.

कागदवाला

एकतीस वर्षं दस्त लिहिण्यात गेली, आता मुलगा बघतो. काकूंनी बोट बरोबर ठेवलंय, मी फक्त त्यामागचं सांगतो.

आजोबांनी किंवा वडिलांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेलं घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर १९५६ च्या वारसा कायद्यापासूनच बायको, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा वाटा. लग्न झालं, हुंडा दिला, साडीचोळी केली, याचा काही संबंध नाही. घर वडिलोपार्जित असेल तर कर्नाटकनं १९९४ ला मुलींना हक्क दिला, २००५ ला देशभर आला. म्हणजे कुठूनही या, बहिणीच्या सहीवरच येता. एखादा वारस गेला असेल तर त्याची मुलं आली. त्यात कुणी अठराच्या आतलं असेल तर आईनं सही करून भागत नाही, जिल्हा कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. ही एक गोष्ट लोक सर्रास वगळतात आणि पोरगं सज्ञान झालं की व्यवहार मोडायला उभं राहतं.

ईसी, म्हणजे बोजा दाखला, काढली, स्वच्छ आली, झालं काम, असं समजू नका. ईसीत नोंदवलेले दस्त तेवढे दिसतात. वारस दिसत नाहीत, तोंडी वाटणी दिसत नाही, कोर्टातली केसही दिसत नाही. केस बघायला ई-कोर्ट्सच्या साइटवर विकणाऱ्याचं आणि त्याच्या वडिलांचं नाव घालून शोधा, आडनावाची स्पेलिंग तीन प्रकारे घाला. ईसी ऑनलाइन मिळते ती २००४ पासूनची. त्याआधीची नोंदणी कार्यालयात हातानं शोधून घ्यावी लागते, आणि जुन्या घराचा सगळा इतिहास त्याआधीच झालेला असतो.

सिटी सर्व्हेचा उतारा काढा आणि त्यावर कुणाची नावं आहेत ते बघा. आजोबांचंच नाव अजून असेल तर वारसा लागलेला नाही. महापालिकेचा ई-खाता, म्हणजे मिळकतीचा ऑनलाइन उतारा, लागेलच, ऑक्टोबर २०२४ पासून त्याशिवाय नोंदणी होत नाही. ई-खाता ज्याच्या नावावर आहे तो एकटा मालक, असा मात्र समज करून घेऊ नका. घरपट्टी कुणी भरायची एवढंच ते सांगतं, मालकी दस्तानं येते.

मापाचं बघा. साडेतीन गुंठे म्हणजे ३८११ चौरस फूट आणि वर अर्धा. जुन्या दस्तात हेच ४२३ किंवा ४२४ चौरस वार असं येईल, सिटी सर्व्हेत सुमारे ३५४ चौरस मीटर. तिन्ही आकडे मांडा आणि जुळतात का बघा. मग स्वतः टेप धरा.

खर्चात ५ टक्के मुद्रांक, त्यावर उपकर, आणि नोंदणी फी १ टक्का होती ती ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के झाली. सगळं मिळून साडेसातच्या थोडं वर जातं. पन्नास लाख किंवा जास्तीचा व्यवहार असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा, पण वारसांत कुणी परदेशी स्थायिक असेल तर त्याच्या वाट्याला हा १ टक्का चालत नाही, बराच जास्त कापावा लागतो. सीएला विचारा. आणि त्यानं तिकडून मुखत्यारपत्र पाठवलं तर ते इथं आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्या.

गेटवाल्यांनी कॅम्पाचं काढलंय म्हणून: कॅम्पातले पुष्कळ जुने बंगले ओल्ड ग्रँटचे आहेत. जमीन संरक्षण खात्याची, तुम्ही विकत घेता ती वरची इमारत. सरकारला जागा परत घेता येते. सावली उत्तम आहे, पण त्या सावलीचा उतारा तुमच्या नावावर होत नाही.

दुसऱ्या गेटवाला

मी आपला सहज बोललो बे. आता कॅम्पातनं जाताना पण भीती वाटूलालीय.

खानापूरकर

काकू, कागदवाले, दोघांचे पाय धरायला पाहिजेत. शनिवारी-रविवारी बेळगावात होतो, सगळं करून आलो. जरा सविस्तर लिहितो.

शिडी मागितली तर धाकटे थोडे नाराज झाले, पण दिली. सोप्याचे वासे चांगले आहेत, सागवानी. स्वयंपाकघरावरच्या सहापैकी दोन वाशांत सळई बोटभर आत गेली, भुसा पडला. न्हाणीशेजारच्या खोलीत दार लावून बसलो. बायको दोन मिनिटांत बाहेर आली.

मग सोप्यात चहा प्यायला बसलो तेव्हा धीर करून विचारलं, बहिणी किती. धाकटे मोबाइलमध्ये बघायला लागले. आजी आतून म्हणाल्या, "तीन." थोड्या वेळानं बाहेर येऊन उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तीन होत्या. मधली गेली, करोनात. तिची दोन पोरं गडहिंग्लजला." मी विचारलं धाकटा केवढा आहे. "यंदा दहावीला." म्हणजे कागदवाल्यांनी लिहिलं तेच. धाकट्यांचं म्हणणं, त्या पोरांना यातलं काही माहीतही नाही, कशाला उकरायचं. मी काही बोललो नाही. पण इसाराचा चेक खिशात होता तो खिशातच ठेवला.

सोमवारी रजा टाकून सिटी सर्व्हेत गेलो. उताऱ्यावर आजोबांचं नाव, म्हणजे आजींच्या सासऱ्यांचं. क्षेत्र ३३१ चौरस मीटर. साडेतीन गुंठ्यांना २३ मीटर कमी, फुटांत अडीचशेच्या आसपास. घरी येऊन टेप धरला तर पूर्वेचं कुंपण आत आलंय आणि त्यापलीकडे शेजाऱ्यांचं तुळशीवृंदावन आहे. तुळशीशी कोण भांडणार!

आणि हो, पूर्वेच्या कुंपणाशी एक फणस आहे, ज्याची सावली परड्यात सकाळी पडते, तोही शेजाऱ्यांचाच निघाला.

तरी सोडावंसं वाटत नाही. सध्या एवढं ठरवलंय: जूनपासून वर्षभर याच पेठेत भाड्यानं राहायचं, मुलीची शाळा सुरू करायची. आणि या महिन्यात आजींना घेऊन गडहिंग्लजला जायचं. ही कल्पना आजींचीच. दीड वर्ष नातवंडांकडे गेल्या नाहीत, गाडीनं नेणारं कुणी नाही म्हणाल्या. पोरांच्या वडिलांशी बोलू, वारसा लावून घेऊ, धाकट्यासाठी कोर्टात अर्ज करू. वेळ लागेल तो लागेल. तोपर्यंत कुणी दुसऱ्यानं रोख देऊन घेतलं तर घेवो.

परड्यातला आंबा

घेणार नाही कुणी. असली घरं दोन-दोन वर्षं पडून असतात, धाकट्यांना घाई आहे म्हणून तुम्हाला घाई नको. गडहिंग्लजला पोरांसाठी काही घेऊन जा, पण व्यवहाराचं पहिल्या दिवशी काढू नका. आजींना बोलू द्या.

सगळं लिहिलंत, आडाचं लिहिलं नाहीत. दोरी सोडून बघितलीत का? पाणी किती आहे?

खानापूरकर

बघितली की. एप्रिल असूनही बावीस फुटांवर पाणी लागलं. दोरीला धाकट्यांनी गळ बांधला होता, तो कशाला तरी अडकला. दोघांनी मिळून ओढलं तर पितळी कळशी वर आली, चिखलानं भरलेली, एका बाजूनं चेपलेली. कधी पडली होती ते कुणालाच आठवेना. आजींनी ती चिंच लावून घासली, उजेडात धरून बघितली आणि आत नेऊन ठेवली. जाताना मला म्हणाल्या, "ही घराबरोबर नाही हं."